कर्करोग आणि रक्त गोठू न देणारी औषधे

कर्करोगाचा रुग्ण आम्हां वैद्यांकडे बहुधा केमोथेरपी चालू असताना, बल टिकावे म्हणून येतो. सोबत रक्त पातळ करणारी गोळी अथवा पोटावर टोचून घ्यावयाचे इंजेक्शन असते आणि ‘हे बंद केले तर चालेल का?’ हा प्रश्नही असतो.

कर्करोग व सिरांत रक्त गोठणे यांचा संबंध पॅरिसचे वैद्य त्रूसो यांनी १८६५ मध्ये मांडला. पुढे तेच लक्षण स्वतःच्या अंगी दिसताच त्यांनी आपले भवितव्य ओळखले; १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने ते निवर्तले. अर्बुदाच्या पेशी ‘टिश्यू फॅक्टर’ निर्माण करून रक्त गोठवितात. गोठलेल्या रक्ताचे आवरण त्या पेशींनाच संरक्षण देते, असेही प्रयोगशाळेत आढळले. तेव्हा हेपॅरिनमुळे गुठळी तर टळेलच, शिवाय आयुष्यही वाढेल, अशी आशा निर्माण झाली.

२००३ च्या एका मोठ्या चाचणीत वॉरफरिनसारख्या गोळ्यांऐवजी डाल्टेपॅरिन दिले असता सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण १७ वरून ९ टक्क्यांवर आले. रोग अन्यत्र न पसरलेल्या रुग्णांत वर्षभरातील मृत्यूही कमी दिसले. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २,२०० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत आयुष्य वाढले नाही. गुठळ्या घटल्या, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून या औषधास कर्करोगनाशक म्हणणे आम्हांस मान्य नाही. तथापि फुप्फुसात गुठळी जाऊन येणारा मृत्यू टळणे हा लाभ काय थोडा आहे? औषध बंद करण्याचा सल्ला वैद्याने परस्पर कदापि देऊ नये.

आमच्याकडे एक रुग्ण आला, तेव्हा त्याचा एकच पाय सुजला होता. अन्यत्र त्यास वातव्याधी समजून आठवडाभर तेल चोळले गेले होते. आम्ही त्यास तत्काळ डॉपलर तपासणीस धाडले. मांडीच्या सिरेत गुठळी निघाली. कर्करोगात एका पायाचा शोथ दिसल्यास अभ्यंग, मर्दन वर्ज्यच समजावे.

हे औषध घेणाऱ्यास जलौकावचारण करू नये. जळूच्या लाळेतील हिरुडिन स्वतःच रक्त गोठू देत नाही. गुग्गुळाचे कल्प, लसूण वा हळदीच्या घन कॅप्सूल देण्यापूर्वी रुग्णाच्या डॉक्टरांशी बोलावे. स्वयंपाकातील हळदीविषयी आमचे काही म्हणणे नाही. औषधी दुकानदार बंधूंनीही गुग्गुळाची डबी हाती देण्याआधी ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का?’ एवढे अवश्य विचारावे.