जुनीं नाणीं व जुनी पांढरी

जमिनींतील धातु ओळखणारें यंत्र आतां विकत मिळतें. तें कोठें फिरवावें, अशी पृच्छा आम्हांकडे होते. आमच्या मतें प्रथम शोधावयाची ती जुनी वस्ती. यंत्राचा प्रश्न मागाहूनचा.

गांवाच्या जमिनीचे 'काळी' व 'पांढरी' असे दोन भाग आपल्या जुन्या दप्तरांत येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. राख, शेण व पडक्या भिंतींची माती पिढ्यानुपिढ्या साचून पांढरीचा रंग फिकट होतो व तिला टेकाडाचें रूप येतें. हल्लींच्या गांवठाणापासून दूर, शेतांत अशी माती दिसली व पावसानें तींतील खापरें उघडीं पडलेलीं आढळलीं, तर तेथून वस्ती उठून गेली असल्याचा संभव मोठा. नदीचे उतार व घाटांचीं तोंडेंही पाहावीं. कागदांपैकीं बखरींहून महजर व इनामपत्रें येथें अधिक उपयोगीं पडतात. चतुःसीमा लिहितांना कारकुनास ओसाड गांवाचेंही नांव घ्यावें लागे.

नामसादृश्याचा मोह मात्र आवरावा. व्युत्पत्ति जुळली कीं आम्हां संस्कृतज्ञांस स्थळच हातीं लागल्यासारखें वाटतें! सांची व भारहुत येथील लेखांतलें भोगवर्धन म्हणजे जालना जिल्ह्यांतील भोकरदन, हें ध्वनीवरून सुचतें खरें; पण १९७३ सालच्या उत्खननांत तेथें सातवाहनकालीन वस्ती निघाली, तेव्हां त्यास बळ आलें.

स्थळ सांपडलें तरी स्वतः खणूं नये. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपान क्षत्रपाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं निघालीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. त्यानें क्षहरातांचा उच्छेद केल्याचें नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख सांगतो. परंतु तो लेख आईनें केलेली मुलाची स्तुति. या ठेव्यानें त्यास स्वतंत्र साक्ष मिळाली, आणि तीही नाणीं एकत्र मोजलीं गेलीं म्हणून. एकेक नाणें सराफाच्या मुशींत गेलें असतें, तर छापलेलीं किती व कोरीं किती, हें प्रमाण कोणासही कळतें ना.

१८७८ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास त्याचें स्वरूप, किंमत व स्थळ कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. नांगरास अकस्मात् कांहीं लागल्यास शेताचा गट क्रमांक, खोली व आसपासचीं खापरें यांची नोंद त्याच दिवशीं करावी. नाणीं चिंचेनें घांसून उजळ करूं नयेत, कारण अक्षरें त्यांतच झिजतात.