‘राग-जॅझ स्टाइल’वर रसिकांचं एकमत का होत नाही

शंकर-जयकिशन म्हटलं की वर्ध्यात काय आणि वरळीत काय, लोकांना सिनेमाच आठवतो. पण १९६८ साली या संगीतकार जोडीची ‘राग-जॅझ स्टाइल’ नावाची एलपी एचएमव्हीने काढली. तिच्यात सिनेमा नाही आणि गाणंही नाही. रागदारी आणि जॅझ एका पाटावर बसवण्याचा हा मुंबईतला प्रयोग. तो जमला की फसला, यावर ऐकणाऱ्यांची तोंडं आजही वेगवेगळ्या दिशांना असतात.

तबकडीत काय आहे

तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी असे अकरा राग, प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी तीन-चार मिनिटं. सतारीवर रईस खान, पियानोवर लुसिला पाशेको, इलेक्ट्रिक गिटारवर अनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, ट्रंपेटवर जॉन परेरा, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. नावं मुद्दाम दिली. त्या काळच्या सिनेसंगीतात वादकांची नावं क्वचितच छापली जात.

ही मंडळी आली कुठून

बरीचशी गोव्याकडून. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं जाई, त्यामुळे कागदावरचं संगीत पाहून वाजवणारे वादक गोव्यात पिढ्यान्पिढ्या तयार झाले. मुंबईत १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला आणि गोवेकरांना जॅझ थेट कानी पडलं. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमाची रेकॉर्डिंगं. दारूबंदीनंतर हॉटेलांमधलं काम आटलं आणि स्टुडिओच मुख्य आधार झाला. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाचे अरेंजर सॅबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचेच.

भांडण कशाचं

राग ऐकणाऱ्यांची तक्रार सरळ आहे: तीन मिनिटांत राग उभा राहत नाही. आलाप नाही, बढत नाही, रागाची फक्त ओळख होते. तक्रार खरी आहे, पण जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मोठमोठ्या गवयांनीही साधारण तेवढ्याच वेळात राग मांडले होते. म्हणजे घड्याळाला सगळा दोष देता येत नाही.

जॅझवाल्यांची तक्रार वेगळी. त्यांच्या मते इथे आयत्या वेळचं वादन कमी आणि आधी लिहून ठेवलेलं जास्त. सतार मोकळी खेळते, बाकीचे ठरलेल्या जागी येतात आणि जातात. मला हा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. सिनेमाच्या स्टुडिओतली शिस्त इथे ऐकू येते.

तिसरा गट जुन्या सिनेसंगीताच्या चाहत्यांचा. ते या तबकडीवर बेहद्द खूश. शब्द काढून घेतले की हे वादक काय तोडीचे होते ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

पियानो आणि गिटार: खरी परीक्षा इथे

तिन्ही गट बहुधा सतार आणि सॅक्सोफोनकडे कान लावून बसतात. माझ्या मते निकाल खाली, पियानो आणि गिटारमध्ये लागतो. रागसंगीतात स्वर एकामागून एक येतात. जॅझमध्ये स्वरांखाली कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वरांचा एकत्र झालेला गुच्छ असतो. तो गुच्छ चुकला की वर कितीही शुद्ध सतार वाजो, राग बिघडला.

मालकंस घ्या. सा, कोमल ग, म, कोमल ध आणि कोमल नी, रिषभ-पंचम वर्ज्य. पाश्चात्त्य पद्धतीने सा हे घर धरून मायनर कॉर्ड वाजवावी तर सा-ग-प होते आणि वर्ज्य पंचम आत शिरतो. मग पियानोवाल्याला म-ध-सा किंवा ध-सा-ग अशा आडवाटांनी जावं लागतं. कलावतीत उलट आहे. सा, ग, प, ध आणि कोमल नी या स्वरांतच सा-ग-प-नी हा जॅझ आणि ब्लूजमधला अगदी नित्याचा गुच्छ दडलेला आहे. त्यामुळे कलावती जॅझला जवळचा आणि मालकंस अवघड. भैरवात तिसरीच अडचण: तिथला कोमल रिषभ आंदोलित हवा आणि पियानोच्या पट्टीला हलता येत नाही. गिटारवर तार ओढून थोडी मींड तरी घेता येते. म्हणून तबकडी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कलावती आणि मालकंस लागोपाठ लावावेत आणि सतार सोडून फक्त पियानो-गिटार ऐकावेत.

पेटीवर वाढलेला कान

पियानोत श्रुती नाहीत, हा आक्षेप आपल्याला नवा नाही. हेच कारण देत आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं हार्मोनियमला दाराबाहेर ठेवलं होतं. पण वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही भजनी मंडळात जा, आर्वी असो की हिंगणघाट, मध्यभागी पेटीच. पेटीवर अभंग ऐकत वाढलेल्या माणसाने पियानोला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. (खंजिरीचा ताल अंगात असलेल्याला ड्रम्सही फारसे परके वाटू नयेत.)

निव्वळ जोडी ऐकायची तर

दहा माणसांच्या गर्दीत पियानो-गिटार दबतात, हे कबूल. ही दोनच वाद्यं समोरासमोर ऐकायची असतील तर बिल इव्हान्स आणि जिम हॉल यांचा १९६२ मधला ‘अंडरकरंट’ हा अल्बम हाताशी ठेवावा. बेस नाही, ड्रम्स नाहीत. पियानो आणि गिटार दोघांनाही कॉर्ड येतात, त्यामुळे एकमेकांच्या पायावर पाय पडण्याचा धोका कायम. इथे एक पुढे गेला की दुसरा हात आखडता घेतो. एरवी संथ वाजणारं ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ त्यांनी द्रुत लयीत घेतलं आहे आणि इव्हान्स सूर विणत असताना हॉल गिटारवर ठेका धरतो. २००६ मध्ये पॅट मेथेनी आणि ब्रॅड मेलदाऊ यांनीही असा अल्बम केला, पण त्यातल्या दोन तुकड्यांत त्यांनी बेस आणि ड्रम्स सोबत घेतले. मला तो थोडा गुळगुळीत वाटतो. अनेकांना तोच अधिक आवडतो.