घरचा माठ गार होतो का? मग ओला पंचा पुरे!

शेतकरी बंधूंनो, चैत्र लागला की आपल्या माण-खटावकडे ऊन मी म्हणू लागते. रानातली कामे बरीचशी उरकलेली असतात, म्हणून गावोगावच्या जत्रा, बैलगाडा शर्यती, कुस्त्यांचे फड आणि पोरांचे क्रिकेटचे सामनेही याच दिवसांत भरतात. शिखर शिंगणापूरला तर भाविक खांद्यावर कावडी घेऊन उन्हातान्हात मुंगी घाट चढतात. रानात काम करताना बारा वाजले की आपण झाडाखाली टेकतो. तोच माणूस शर्यतीच्या दिवशी दुपारी दोनला उघड्या माळावर उभा असतो! मौजेत उन्हाचे भान राहत नाही, आणि धोका आहे तो इथेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उन्हाने १४ जणांचा बळी घेतला, हे आपण विसरता कामा नये.

अलीकडे अंगावर घालायच्या गारव्याच्या नाना वस्तू बाजारात मिळू लागल्या आहेत. गळ्यात बांधायची पट्टी, भिजवून घालायचे जाकीट, बर्फाच्या पिशव्यांची बंडी, बॅटरीवरचे पंखे बसवलेले जाकीट असे प्रकार दिसतात. पोरे हट्ट धरतात आणि यात्रा कमिटीलाही वाटते, स्वयंसेवकांसाठी चार घ्यावीत. जरूर घ्या, पण खिशात हात घालण्यापूर्वी घरच्या माठाकडे एकदा बघा.

माठाची कसोटी

माठ पाझरतो, बाहेरचे पाणी वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. घामाचे आणि ओल्या पंचाचे कामही असेच चालते. एक लिटर पाणी वाळते तेव्हा सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. मात्र पाणी वाळायला हवा कोरडी लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये माठ गारेगार असतो, तेव्हा भिजवून घालायची प्रत्येक वस्तू इथे चालते. तीच वस्तू घेऊन तुम्ही मेच्या सुट्टीत पोराबाळांना गणपतीपुळ्याला नेलेत, तर तिथल्या दमट हवेत ती नुसती ओली राहते, अंगाला चिकटते आणि गारवा काही देत नाही. वळवाच्या आधी आपल्याकडेही हवा अशीच कुंद होते. माठ गार होईनासा झाला की समजावे, आता ओल्या कापडावर भिस्त ठेवून चालणार नाही.

काय घ्यावे, काय टाळावे

पहिला मान पंचाचा. पांढरा किंवा फिक्या रंगाचा, सुती आणि चांगला लांबरुंद घ्यावा. भिजवून हलका पिळावा आणि डोके, कान, मान झाकेल असा बांधावा. वाळला की पुन्हा भिजवावा. टेरिकॉटचे कापड तेवढी ओल धरत नाही. गांधी टोपीने डोके झाकते, पण कान आणि मान उघडीच राहते, तेव्हा टोपीखालून ओला पंचा मागे सोडावा.

गळपट्टीत पाणी शोषून फुगणारे खडे असतात. जमिनीत ओल टिकावी म्हणून आपण जे हायड्रोजेल टाकतो, त्याच जातीचे. पट्टी बराच वेळ ओली राहते आणि बरेही वाटते. पण ध्यानात ठेवा, मान गार झाली म्हणून आतली उष्णता उतरली असे होत नाही. गार वाटते म्हणून पोरगा आणखी दहा षटके उन्हात खेळतो आणि मग आडवा होतो.

भिजवायचे जाकीट कोरड्या हवेत चांगले. त्यावर दुसरा शर्ट चढवू नये, नाहीतर वारा लागत नाही.

बर्फाची किंवा मेणासारख्या गोठणाऱ्या पदार्थाची बंडी दमट हवेतही काम करते, कारण तिला पाणी वाळण्याची गरज नाही. पण ती अंगाला जड होते, तास-दोन तासांत वितळते आणि पुन्हा गोठवायला फ्रीज किंवा बर्फाचे पाणी जवळ लागते. बर्फ थेट कातडीला लागू देऊ नये. एका जागी उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाला ती उपयोगी पडेल, घाट चढणाऱ्याला नाही.

पंख्याच्या जाकिटाबाबत सावध राहा. पारा ४०च्या पुढे गेला की पंखा गरम वाराच अंगावर घालतो. आतला कपडा ओला असेल तरच त्याचा फायदा, नाहीतर भट्टीला भाता लावल्यासारखे होते.

पंचायतीने आणि यात्रा कमिटीने काय करावे

वस्तू कोणतीही घ्या, ती सावली, पाणी आणि वेळ यांची जागा घेऊ शकत नाही. म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींनी आधीच बसून ठरवावे. शर्यती आणि सामने सकाळी लवकर उरकावेत किंवा चारनंतर ठेवावेत. मैदानाच्या कडेला मांडव घालावा. पिण्याच्या टँकरशेजारी पंचे भिजवायला पाण्याचे वेगळे पिंप ठेवावे, चार जाकिटांच्या खर्चात शेकडो डोकी गार होतील. आरोग्य केंद्रातून क्षारसंजीवनीची पाकिटे आधीच आणून ठेवावीत. ताक, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आहेच.

एवढे करूनही कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. नाकाशी कांदा धरत बसू नये. लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, काखेत आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा आणि १०८ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. जीव वाचतो तो त्या मिनिटांवर.

तेव्हा यंदा जत्रेला निघताना पिशवीत नारळ आणि गुलालाबरोबर एक पंचा आणि पाण्याची बाटली टाका. पोराने गळपट्टी मागितली तर घेऊन द्या, पण दुपारी बाराला त्याला हाक मारून झाडाखाली बसवायला विसरू नका.