दगड आधी, वाळू नंतर

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले एम्बुना मासे खडकाळ किनाऱ्यालगत राहतात. दगडांवरचं शेवाळ खरवडून खातात, आणि नर आपल्या कपारीजवळ दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. त्यामुळे ते घरी पाळले तर त्यांच्या काचेच्या टाकीतले दगड निव्वळ शोभेचे नसतात; आडोसा मिळाला की दुबळा मासा दांडग्याच्या नजरेआड होतो आणि वाचतो. दगडांनी पोहायची जागा अडते, हा आक्षेप खराच. पण मोकळ्या टाकीत हरलेल्याने लपायचं कुठे? दगड मात्र आधी तळावर पक्के बसवावेत, मग वाळू घालावी. हे मासे तोंडाने वाळू उपसतात. वाळूवर रचलेली रास ढासळून काच फुटू शकते. वनस्पती हवीच तर दगडाला बांधून अनुबियास लावावी. ती मूळची पश्चिम आफ्रिकेतली, मलावीची नव्हे, पण तिची जाड, चिवट पानं सहसा टिकतात. पार्श्वभूमीसाठी मागच्या काचेला साधा काळा कागद पुरे.