ग्लासातला निळा समुद्र

समुद्राच्या रंगाचं ‘ब्लू हवाई’ हे कॉकटेल हॅरी यी यांनी १९५७ मध्ये होनोलुलूच्या वाइकिकी भागात तयार केलं. त्याची निळाई ब्लू क्युरासाव या लिकरची. लिकरला स्वाद संत्र्याच्या सालीचा असतो, निळा रंग मात्र वरून घातलेला. घरी करायचं तर मला कुंपणावरची गोकर्ण कितीतरी सरस वाटते.

निळी फुलं गरम पाण्यात टाकली की थोड्याच वेळात पाणी गडद निळं होतं. ही अँथोसायनिन या रंगद्रव्यांची किमया. आम्ल मिळालं की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि निळ्याचं जांभळं होतं. म्हणून ग्लासात आधी साखरेचा पाक आणि लिंबाचा रस घाला, वर बर्फ, मग गार केलेलं निळं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. पाक जड, तो तळाशी राहतो; दोन्ही थर भेटतात तिथे सुंदर जांभळी छटा उमटते. रम हवीच असेल तर सर्वांत शेवटी. अल्कोहोल पाण्याहून हलकं, त्यामुळे ती वरच राहते. काठावर थोडं मीठ जरूर लावा, सोडियममुळे कडवटपणा कमी जाणवतो.

फुलं औषध न फवारलेलीच घ्या, आणि रम घातली असेल तर नंतर गाडी चालवू नका.