भीती असताना उभं राहणं

अच्छाड, तलासरी, डहाणू या पट्ट्यातल्या माणसाला भीती म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून इथली जमीन हलू लागली. धुंदलवाडीचं नाव रोज पेपरात येऊ लागलं. ऐन थंडीत माणसं लेकराबाळांना घेऊन घराबाहेर, तंबूत झोपली. त्या रात्री ज्याने त्याने आपापल्या देवाचं नाव घेतलं, आणि तरीही जमीन पुन्हा हलली. म्हणून आज आपण सरळच विचारू या. ख्रिस्तावर विश्वास ठेवला की भीती जाते का? आणि जात नसेल, तर विश्वासाचं धैर्य नेमकं कशाला म्हणायचं?

पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे (१ राजे, अध्याय १९). मोठा धाडसी माणूस, पण ईजबेल राणीची धमकी आली आणि तो रानात पळाला. एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. आता इथे नीट लक्ष द्या. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. तुझा विश्वास कमी पडला, असंही सुनावलं नाही. आधी त्याला झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं. संवाद झाला तो त्यानंतर, बराच पुढे, होरेब डोंगरावर. खचलेल्या माणसाच्या घरी जाताना आम्ही मंडळी बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतो. वचनं आधी सांगतो, भाकरीचं विचारायला विसरतो.

गेथशेमाने बागेत तर स्वतः प्रभू येशू व्याकूळ झाला होता. आपल्याबरोबर जागे राहा, अशी विनंती त्याने मित्रांना केली. तेव्हा भीती वाटणं, सोबत मागणं, डॉक्टरकडे जाणं, हादऱ्यांनी तडा गेलेली भिंत वेळेत दुरुस्त करणं, यातलं काहीही अविश्वासाचं लक्षण नाही.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. ऐन तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. पुढे भाऊ श्रीनिवासही गेला. १८८० मध्ये लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने वारले. मांडीवर मनोरमा, वर्षाचीही नाही. हे सगळं त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचं. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेज इथे. त्यानंतर संकटं थांबली असं समजू नका. साक्ष देणारे पुष्कळदा गोष्ट इथेच संपवतात, ते आम्हाला पटत नाही.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातले रानडे-भांडारकरांसारखे लोक बाजूला झाले. एकीकडे स्वकीयांचा रोष. दुसरीकडे चर्चशीही त्यांचं सगळं जुळलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्या बरोबरीने वाद घालत. आपला विवेक कुणाच्या हाती देणार नाही, ही त्यांची भूमिका होती. विश्वास म्हणजे मान खाली घालणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा पत्रव्यवहार जरूर वाचावा. १८९७ मध्ये प्लेगच्या काळात पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची कशी आबाळ होते, हेही त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून सांगितलं. गोऱ्या सरकारला, तेही ख्रिस्ती सरकारला!

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावी मुक्ती सदन वाढलं ते यातून. त्यांनी लहानपणीची भूक विसरायचा प्रयत्न केला नाही. उपाशी पोर कशी दिसते हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर त्या तिकडे गेल्या. आमच्या मते विश्वासाचं धैर्य ते हेच. दुःख पुसलं जात नाही, पण ते आपल्याला घरात कोंडून ठेवत नाही, दुसऱ्याच्या दारापर्यंत नेतं.

शेवटच्या वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, एकुलती एक लेक. त्या वेळी हातात काम होतं ते बायबलच्या मराठी भाषांतराचं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते करायचं, असा त्यांचा हट्ट होता. मुलगी गेल्यावरही त्या लिहीत राहिल्या. काम पुरं झालं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका होत्या.