पडण्याची विद्या: प्रौढ वयातील ज्युदोचा पहिला धडा

ज्युदोमध्ये सुरक्षित पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. तिशी-चाळिशीत हौस म्हणून ज्युदो शिकू लागलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे जवळजवळ पूर्णपणे उकेमीत जातात. समोरच्याला कसे पाडायचे हे शिकायला तो आलेला असतो आणि वर्ग संपेपर्यंत तीस-चाळीस वेळा स्वतःच पडलेला असतो. काही जण पंधरा दिवसांत कंटाळून येणे बंद करतात. हा पाया मात्र टाळता येत नाही. ज्या शिक्षकाकडे प्रौढांना पहिल्याच दिवशी डाव शिकवले जातात, त्या शिक्षकापासून दूर राहिलेले बरे.

प्रौढांना हे शिकायला वेळ लागतो, कारण त्यांच्या अंगात पडण्याची भीती मुरलेली असते. लहान मूल पडते-उठते, त्याची उंची कमी, वजन कमी, हाडे लवचीक. मोठा माणूस तोल गेला की हात मागे किंवा पुढे टेकवतो. सगळे वजन ताठ हातावर, मनगटावर येते. आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलेस यांनी १८१४ मध्ये मनगटाजवळच्या ज्या अस्थिभंगाचे वर्णन केले, तो नेमका अशा पडण्यातून होतो आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. न्हाणीघरात पाय घसरला किंवा पावसात स्कूटर सरकली, तरी हात असाच पुढे जातो. उकेमीचे पहिले काम ही सवय मोडणे. पडण्याचा आघात मनगट, कोपर, गुडघा अशा एका ठिकाणी न घेता पाठ, मांडी आणि हात यांच्या मोठ्या भागावर पसरवायचा, शरीर गोल ठेवून तो थोडा लांबवायचा आणि काहीही झाले तरी डोके जमिनीला लागू द्यायचे नाही, एवढीच त्यामागची यंत्रणा आहे.

ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो (१८६०–१९३८) स्वतः असेच पडत शिकले. अंगाने किरकोळ असलेला हा विद्यार्थी १८७७ मध्ये टोकियोत फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू शिकू लागला. एका डावात हात नेमका कसा, पाय नेमका कुठे, असे त्याने विचारले, तेव्हा फुकुदांनी उत्तर देण्याऐवजी त्याला पुन्हापुन्हा पाडले, अशी आठवण कानो यांनी पुढे सांगितली आहे. पडता पडता समजेल, असा त्यामागचा हिशेब. कानो मात्र कारण शोधत राहिले, आणि समोरच्याचा तोल आधी बिघडवला तर पाडायला फार ताकद लागत नाही, या निष्कर्षावर आले. तोल बिघडवण्याच्या या क्रियेला कुझुशी म्हणतात. १८८२ मध्ये त्यांनी टोकियोच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. पोरे इतकी आपटत की मंदिराची जमीन हादरे, खालचे आधार निखळत, आणि कानोंना रात्री दिवा घेऊन जमिनीखाली शिरून ते दुरुस्त करावे लागत. भारतात ज्युदो रवींद्रनाथ ठाकुरांमुळे लवकर आला. त्यांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिन्झो हे कोदोकानचे ज्युदोपटू १९२९ मध्ये शांतिनिकेतनात शिकवायला आले होते.

महाराष्ट्रात पाडण्याची आणि पडण्याची कला तालमीत पूर्वीपासून आहे. धोबीपछाड आणि ज्युदोतला इप्पोन सेओई नागे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर दोघांचे नाते लपत नाही. फरक जमिनीचा आहे. तालमीतला हौदा रोज उकरून भुसभुशीत केला जातो, तांबड्या मातीत हळद, तेल, ताक मिसळलेले असते. पडणाऱ्याचा बराचसा आघात मातीच शोषून घेते. ज्युदोची चटई त्यामानाने कडक. तिच्यावर आघात शोषण्याचे काम पडणाऱ्यालाच करावे लागते, म्हणून तिथे पडण्याचे वेगळे शास्त्र झाले.

चटई कोणती आहे हे नवशिक्याने आधी पाहावे. शाळेचे सभागृह किंवा सोसायटीचा हॉल संध्याकाळपुरता घेऊन वर्ग चालतात, तिथे एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकोनी मॅट अंथरतात. कराटेसाठी वापरली जाणारी दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची मॅट पाडण्याच्या सरावाला पुरत नाही. ज्युदोला निदान चार सेंटिमीटर हवी. दोन मॅटमधली फट ही सगळ्यात फसवी गोष्ट. पायाचा अंगठा तिच्यात अडकला की घोटा मुरगळतो, म्हणून चांगल्या वर्गात सराव चालू असतानाही कोणीतरी पायाने मॅट सरकवून फटी बुजवत असते. पोशाखही वेगळा लागतो. ज्युदोगी म्हणजे जाड, खरबरीत विणीचा अंगरखा आणि विजार. कराटेचा पातळ पोशाख पहिल्या ओढीत फाटतो. चटईवर येण्यापूर्वी अंगठी, कडे, मंगळसूत्र, कानातले, चष्मा सगळे काढून ठेवायचे असते. हातापायांची नखे कापलेली आहेत का हे शिक्षक पाहतात. प्रौढांना हे शाळकरी वाटते, पण वाढलेल्या नखाने समोरच्याच्या मानेवर ओरखडा उठतो आणि अंगठीत बाही अडकली तर बोट जायबंदी होते.

पडणे शिकण्याची सुरुवात पडलेल्या अवस्थेतूनच होते. नवशिका पाठीवर झोपतो, हात छातीवर घेतो, डोके चटईपासून उचलून धरतो आणि दोन्ही हात एकदम बाजूंना आपटतो. तळवे खाली, हात धडापासून तीस ते पंचेचाळीस अंशांवर. हात खांद्याच्या रेषेत गेला तर धक्का खांद्याला बसतो, फार जवळ राहिला तर तो स्वतःच्याच अंगाखाली सापडतो. आपटायचा असतो तो कोपरापासून बोटांपर्यंतचा संपूर्ण हात. सुरुवातीला बहुतेकांचे कोपर आधी लागते आणि करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. हात नीट पडला की ‘फाट्’ असा भरीव आवाज येतो, कोपर आधी पडले की ‘ठक्’ असा कोरडा. अनुभवी शिक्षक पाठ फिरवूनही आवाजावरून कोणाचे चुकले ते सांगतात.

डोके उचलून धरण्याची सूचना ऐकायला सोपी असते. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. ते तीस वेळा उचलून धरायचे म्हणजे मानेच्या पुढच्या स्नायूंना कधी न पडलेले काम पडते. पहिल्या वर्गानंतरच्या सकाळी प्रौढ नवशिक्याला हात किंवा पाठ दुखत नाही, दुखते ती ही मान. उशीवरून डोके उचलायला हाताचा आधार घ्यावा लागतो. हे दुखणे चार-सहा दिवसांत जाते आणि पुढे पुन्हा फारसे येत नाही. सूचना द्यायची पद्धत ठरलेली आहे: हनुवटी आत, नजर पट्ट्याच्या गाठीवर. गाठ दिसत राहिली म्हणजे डोके मागे गेलेले नाही. आपटताना श्वास सोडायचा. छाती भरून, दात घट्ट आवळून पडणाऱ्याचा श्वास क्षणभर कोंडतो आणि तो घाबरतो.

झोपून जमले की उकिडवे बसून मागे लवंडायचे, मग अर्धे वाकून, मग उभ्याने. मागे पडण्याला उशिरो उकेमी म्हणतात. उभ्याने पडतानाही नितंब टाचांच्या शक्य तितके जवळ न्यायचे असतात, म्हणजे पडण्याची उंची कमी होते. प्रौढांची खरी अडचण इथे दिसते. वर्षानुवर्षे खुर्चीवर बसलेल्या माणसाला उकिडवे बसताच येत नाही. टाचा उचलल्या जातात, गुडघे कुरकुरतात. अशांनी आधी महिनाभर फक्त बसण्या-उठण्याचा सराव करावा. त्यात वेळ वाया जात नाही. त्यानंतर बाजूला पडणे, म्हणजे योको उकेमी. प्रत्यक्ष डावात माणूस बहुतेक वेळा कुशीवरच पडतो, त्यामुळे हिचा उपयोग सर्वांत जास्त. तोंडघशी पडताना दोन्ही हात कोपरापासून त्रिकोणात टेकवायचे, ही माए उकेमी.

चौथी झेनपो काइतेन, पुढची कोलांटी, ही प्रौढांची खरी परीक्षा. शाळेतली कोलांटी डोक्यावरून आणि मणक्यावरून सरळ जाते. ही तिरपी जाते. उजवा पाय पुढे, उजव्या हाताची करंगळीकडची कड चटईवर, हात चाकासारखा वाकलेला. शरीर त्या हातावरून उजव्या खांद्यावर, तिथून पाठीवर तिरपे डाव्या कमरेपर्यंत गडगडते आणि डावा हात आपटतो. हात मध्येच ढिला पडला तर खांद्याचे टोक थेट जमिनीवर बसते आणि हासळीचे हाड धोक्यात येते. शेवटी पाय एकमेकांवर पडले तर घोट्यावर घोटा आदळतो. ही चूक कोणी दुसऱ्यांदा सहसा करत नाही. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना आधी सांगून ठेवायला हवी. वीस-पंचवीस वर्षे कोलांटी न मारलेल्या माणसाला चार-पाच फेऱ्यांत चक्कर येते, मळमळते. अशा वेळी बाजूला बसावे. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला या गोलगोल फिरण्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात.

याच टप्प्यावर वर्गातले एक सुंदर दृश्य पाहायला मिळते. प्रौढांची वेगळी तुकडी क्वचितच असते, म्हणून पांढऱ्या पट्ट्यातला बँक अधिकारी किंवा शिक्षिका सातवी-आठवीतल्या हिरव्या पट्ट्याच्या मुलामुलींसोबत सराव करते. “काका, डोकं नका टेकवू, खांदा द्या,” असे सांगत एखादी मुलगी सहज कोलांटी मारून दाखवते, उभी राहते, पुन्हा दाखवते. काका गुडघ्यावर बसून तेच करायचा प्रयत्न करतात. वय आणि पट्टा यांचा क्रम इथे उलटा असतो. दोघेही तो मनापासून पाळतात.

एकट्याने पडणे जमल्यावर दुसऱ्याच्या हातून पडायचे. पाडणारा तोरी, पडणारा उके. चांगला तोरी उकेची बाही शेवटपर्यंत सोडत नाही. पाडण्याच्या क्षणी ती वर ओढून धरतो. त्यामुळे उकेची कूस खाली येते आणि डोके वर राहते. प्रौढ उकेची नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या क्षणी अंग ताठ करणे, मागे हात टेकवणे किंवा तोरीच्या मानेला लटकणे. टेकवलेल्या हाताने कोपर निखळू शकते आणि लटकल्याने तोरी वरून अंगावर येतो. ‘पडायचे ठरले की पडा’ असे शिक्षक म्हणतात ते यामुळेच.

ओसोतो गारी या डावाबाबत विशेष जपावे लागते. त्यात तोरी उकेच्या बाजूला शिरून मागून पायाने पाय झाडतो आणि उके सरळ पाठीवर, डोक्याच्या दिशेने जातो. जपानच्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदोच्या सरावात शंभरहून अधिक मुलांचे प्राण गेले. त्यांत डोक्याच्या इजा मोठ्या संख्येने होत्या आणि मागे पाडणाऱ्या या डावाचे नाव वारंवार पुढे आले. २०१२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे ज्युदोसारख्या जपानी युद्धकलांचे शिक्षण, सक्तीचे झाले, तेव्हा पालकांनी हा प्रश्न जोरात मांडला. उकेमी पक्की नसलेल्या माणसावर ओसोतो गारी वेगाने टाकणे हा गुन्हाच समजला पाहिजे, मग तो नवशिका बारा वर्षांचा असो की पंचेचाळीसचा. पडल्यावर डोके दुखत असेल, उलटी होत असेल, गुंगी वाटत असेल तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवून थेट डॉक्टर गाठावा.

प्रौढ शरीराला दोन वर्गांमध्ये निदान एक दिवस विश्रांती लागते. आठवड्यातून दोन वेळा नियमाने येणारा माणूस पाच दिवस येऊन महिन्याभरात जायबंदी होणाऱ्याच्या पुढे जातो. रक्तदाब, मानेचे किंवा कमरेचे जुने दुखणे, हाडांची ठिसूळता असेल तर सुरुवात करण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि शिक्षकाला सांगून ठेवावे. आंतरराष्ट्रीय ज्युदोत तिशीपासूनच व्हेटरन गट सुरू होतो, त्यामुळे चाळिशीतल्याने विशीतल्याशी बरोबरी करण्याची गरज नाही. सरावात पकडीचा दाब सहन होत नसेल तर समोरच्याच्या अंगावर किंवा चटईवर दोनदा थाप मारायची. ती पडताक्षणी सोडायचे, हा नियम कोणत्याही पट्ट्याला सारखाच लागू आहे.

बरेच प्रौढ स्वसंरक्षणासाठी येतात. त्यांना यातून काय मिळते ते स्पष्ट सांगायला हवे. कोणी धक्का दिला, कपडे धरून खेचले, तर तोल सांभाळणे, पकड सोडवणे, पडल्यावर डोके वाचवणे आणि समोरच्यावरची नजर न हटवता एक हात व एक पाय टेकवून लगेच उठणे, हे सहा-आठ महिन्यांत अंगवळणी पडू शकते. हातात चाकू असलेल्या माणसापुढे मात्र पळण्याला पर्याय नाही. डांबरी रस्त्यावर चटईसारखा हात आपटू नये, तिथे गोल होऊन घरंगळणे जास्त कामाचे. कायद्याची बाजूही माहीत हवी. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे आणि कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. समोरचा खाली पडून निष्प्रभ झाला की हा हक्क तिथे संपतो.

उकेमी अंगात उतरली की नाही हे रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीत कळते. तिथे कोण कधी कोणत्या बाजूने पाडेल हे ठाऊक नसते. पहिल्या काही रांदोरींत प्रौढ नवशिका दमतो तो पकड गच्च आवळून धरल्याने. दोन मिनिटांत पंजे आखडतात, बोटे उघडत नाहीत. मग एखाद्या दिवशी समोरची हिरव्या पट्ट्याची मुलगी त्याचा पुढे टाकलेला पाय दे आशी बाराईने झाडते, आणि तो काही सुचायच्या आत कुशीवर पडलेला असतो: हात आपटलेला, हनुवटी आत, नजर गाठीवर. पुढे पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला तो बसतो, तेव्हा डाव दाखवण्याआधी त्याला पुन्हा पहिल्यापासून मागे, बाजूला, पुढे पडून आणि कोलांटी मारून दाखवावी लागते, दोन्ही बाजूंनी.